वाफेच्या वेशातली वीजगाडी

मडगावहून दिल्लीकडे निघणारी राजधानी वसईनंतर पश्चिम रेल्वेच्या मार्गाला लागते, सुरत सोडते आणि तापीचा पूल ओलांडते. पुलापलीकडचे पहिले स्थानक उत्राण. लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे थांबत नाहीत आणि प्रवाशांच्या ते लक्षातही राहत नाही. मात्र आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वसूरी असलेल्या बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा पहिला टप्पा याच उत्राणपासून सुरू झाला. १० फेब्रुवारी १८६० रोजी उत्राण ते अंकलेश्वर हा २९ मैलांचा मार्ग खुला झाला. तेव्हा तापीवर रेल्वेचा पूल नव्हता, सुरत नदीच्या अलीकडच्या तीरावर होती आणि मुंबईपर्यंतचा रूळ पूर्ण व्हायला १८६४ साल उजाडावे लागले.

तापीच्या त्याच काठाने समुद्राच्या दिशेने गेले की हजिऱ्याच्या वाटेवर इच्छापोर लागते. शेतीवाडीचे हे गाव आता कारखान्यांच्या, हिरे आणि दागिन्यांच्या उद्योगसंकुलाच्या पट्ट्यात गेले आहे. मुख्य मार्गावरील गोठणगामपासून हजिऱ्याच्या खतकारखान्याकडे जाणारा लोहमार्ग याच भागातला. त्यावरून धावतात त्या मालगाड्या. कामासाठी खानदेशातून सुरतेत आलेली हजारो मराठी कुटुंबे या शहरात आणि त्याच्या औद्योगिक उपनगरांत राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग हीच त्यांची गावाकडची वाट. या पट्ट्यात रेल्वेचा इतिहास पायाखाली आहे, रेल्वेची गरज रोजची आहे. पण ‘वारसागाडी’ नावाचा जो प्रकार अलीकडे गाजतो आहे, तो येथून दूरच राहिला आहे. तो प्रकार नेमका काय आहे आणि त्यात वारसा किती, हे समजून घेण्यास दक्षिण आणि मध्य गुजरातइतका चांगला प्रदेश देशात दुसरा सापडणे कठीण.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, सरदार वल्लभभाई पटेल यांच्या जयंतीदिनी, अहमदाबाद ते एकतानगर या मार्गावर एक नवी गाडी सुरू झाली. एकतानगर म्हणजे पूर्वीचे केवडिया, सरदारांच्या पुतळ्याचे ठिकाण. आठवड्यातून एकदा, रविवारी सुटणाऱ्या या गाडीला डबे मोजके, आसने १४४, आतून सागवानी लाकडाचा थाट आणि २८ जणांना एका वेळी बसून न्याहारी करता येईल असा वातानुकूलित भोजनडबा. पुढे दिसते ते वाफेचे इंजिन. गोल पोटाचे, काळे, धुरांड्याचे. प्रत्यक्षात गाडी विजेवर चालते. इंजिनाच्या पोटात पाणी नाही, निखारा नाही. रेल्वेने हे लपवलेले नाही. वाफेच्या इंजिनाचे रूप दिलेली विजेची गाडी असेच तिचे वर्णन करण्यात आले. तरीही ‘वारसा’ हे विशेषण तिला चिकटले ते चिकटलेच.

रूप आणि वस्तू यांतला फरक कळण्यासाठी वाफेचे इंजिन कसे चालते, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. इंजिनाच्या मागच्या अंगाला अग्निपेटी असते. तेथील ज्वाळा आणि तप्त वायू बॉयलरमध्ये आडव्या बसवलेल्या नळ्यांतून पुढे धावतात. नळ्यांभोवती पाणी असते. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान साध्या हवेच्या दाबाखाली सोळाशे पटींहून अधिक वाढते. बॉयलरमध्ये तिला पसरायला जागा नसल्यामुळे दाब चढत जातो. ही दाबलेली वाफ सिलिंडरमध्ये सोडली की दट्ट्या ढकलला जातो, दांड्यांच्या जोडणीतून चाक फिरते. काम झालेली वाफ धुरांड्यातून जोराने बाहेर फेकली जाते आणि जाताना अग्निपेटीतील हवा आपल्याबरोबर ओढून नेते. त्यामुळे इंजिन जितके जोरात ओढते, तितकी आग आपोआप अधिक भडकते. जुन्या पिढीच्या कानांत बसलेला तो ‘छुक छुक’ आवाज म्हणजे हाच वाफेचा उच्छ्वास. दोन सिलिंडरांच्या नेहमीच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात तो चार वेळा ऐकू येतो. अनुभवी ड्रायव्हर केवळ त्या तालावरून इंजिनाची तब्येत ओळखत असे. चारांपैकी एक ठोका लंगडा पडला तर कोणत्या बाजूची झडप चुकते आहे, हे त्याला तपासणीआधीच कळे.

हे सारे करण्यासाठी लागणारे ज्ञान पुस्तकात थोडे आणि हातात जास्त असते. कोळसा अग्निपेटीत कोठे पातळ आणि कोठे जाड पसरायचा, चढ येण्याआधी किती अंतरावर आग वाढवायची, पाण्याची पातळी कोणत्या क्षणी फसवी दिसते, हे फायरमन वर्षानुवर्षे दुसऱ्या फायरमनच्या बाजूला उभा राहून शिकत असे. पाण्याची पातळी हा तर जीवनमरणाचा प्रश्न. अग्निपेटीच्या छतावरचे पाणी कमी झाले तर तापलेला धातू दाबाखाली फाटतो. त्यावर उपाय म्हणून छतात शिशाची बुचे बसवलेली असतात. पाणी उतरले की शिसे वितळते आणि वाफ आगीवर कोसळून तिला विझवते. थंड इंजिन घाईने तापवता येत नाही. धातू असमान प्रसरला तर सांधे ढिले होतात. म्हणून सकाळच्या फेरीसाठी आदल्या दिवशीच आग पेटवावी लागते. फेरी संपली की राख काढायची, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुऊन आतले क्षार खरवडायचे, ठरावीक काळाने तो तपासून घ्यायचा. इतके करूनही कोळशातील ऊर्जेचा दहावा हिस्साही चाकापर्यंत पोहोचत नाही. वाफेचे युग संपले ते कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे, हिशेबाने. चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० मध्ये बाहेर पडले. त्याचे नावच ‘अंतिम सितारा’ ठेवले होते. १९९५ मध्ये ब्रॉडगेजवरची नियमित वाफसेवा बंद झाली. गोव्यातील वाचकांच्या दृष्टीने सांगायचे तर, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हा हे युग मावळून गेले होते. गोव्याने वाफ अनुभवली ती एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या हमीवर बांधलेल्या मुरगाव मार्गावर, दूधसागरच्या घाटात.

आजच्या मुख्य मार्गावर खरे वाफेचे इंजिन का आणत नाहीत, याचेही उत्तर यातच आहे. स्थानकांतले पाण्याचे खांब उखडले गेले. राख पाडण्याचे खड्डे बुजले. इंजिन उलटे फिरवण्याचे टेबल बहुतेक ठिकाणी नाहीसे झाले. डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आली; तिच्याखाली टेंडरवर चढून कोळसा ओढणे किंवा पाणी भरणे म्हणजे मृत्यूला हात लावणे. धुराची काजळी तारेच्या चिनी मातीच्या विद्युतरोधकांवर बसते, ती वेगळीच डोकेदुखी. आणि दर काही मिनिटांना गाडी असलेल्या सुरत-बडोदा पट्ट्यात पाण्यासाठी अर्धा तास खोळंबणाऱ्या पाहुण्याला जागा कोण देणार? या अडचणी खऱ्या आहेत. तेव्हा अहमदाबादहून विजेचीच गाडी सोडणे व्यवहाराला धरून आहे, हे मान्य करावे लागते.

प्रश्न उभा राहतो तो ती गाडी कोणत्या भूमीवरून जाते, हे पाहिल्यावर.

बडोद्याच्या प्रतापनगरहून गाडी डभोईला येते, तेथून चांदोदमार्गे एकतानगरला जाते. हा नर्मदाकाठ मराठी भाविकांना नवा नाही. सावंतवाडीजवळच्या माणगावात जन्मलेल्या वासुदेवानंद सरस्वती अर्थात टेंबेस्वामींची समाधी असलेले गरुडेश्वर एकतानगरच्या जवळच आहे, आणि गोव्यातून, सिंधुदुर्गातून तेथे जाणारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी ज्यांनी काही वर्षांपूर्वी डभोई-चांदोद प्रवास केला, त्यांना तेथली छोटी गाडी आठवत असेल. ते रूळ अडीच फूट रुंदीचे होते. १७ जानेवारी २०२१ रोजी डभोई-चांदोद हा ब्रॉडगेज झालेला टप्पा आणि चांदोद-केवडिया हा नवा मार्ग यांचे उद्घाटन झाले, तेव्हा ती छोटी गाडी इतिहासजमा झालेली होती.

त्या छोट्या रुळांची कहाणी मराठी आहे. बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई आणि मियागाम यांना जोडणारा मार्ग सुरू झाला. हिंदुस्थानातील हा पहिला नॅरोगेज मार्ग. एखाद्या संस्थानाच्या मालकीची देशातील पहिली रेल्वेही हीच मानली जाते. मुंबई-ठाणे गाडी धावून अवघी नऊ वर्षे झाली होती. गंमत अशी की या रेल्वेला इंजिन नव्हते. डबे बैल ओढत. पुढच्या वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीकडून इंजिनाची सोय करण्यात आली, तरी बैल जुंपलेलेच राहिले, कारण रूळ हलके होते. बैलाचे वजन रुळांच्या मधल्या मातीवर पडते, इंजिनाचे सगळे वजन मात्र चार-सहा चाकांखालच्या लोखंडाच्या बोटभर पृष्ठावर. हलका रूळ त्याखाली वाकतो, खिळे उपटतात. रूळ बदलून वाफेचे इंजिन नेमाने धावू लागण्यास त्यानंतर दहा-अकरा वर्षे तरी गेली. अर्थात सध्याच्या वारसागाडीला ‘इंजिन वाफेचे असल्याचा आभास’ निर्माण करावा लागतो, तर पहिल्या गाडीला इंजिन असल्याचाही आभास करता आला नसता. ती सरळ बैलगाडी होती, रुळांवरची.

पुढे सयाजीराव महाराजांच्या दीर्घ कारकिर्दीत हे जाळे पसरत गेले. डभोई हे चारी दिशांना नॅरोगेजचे फाटे फुटणारे जंक्शन झाले. कापूस, धान्य, यात्रेकरू, शाळकरी मुले हे सारे त्या डब्यांतून गेले. दक्षिणेकडे, आजच्या नवसारी जिल्ह्यात, बिलिमोऱ्यापासून वघईपर्यंतचा ६३ किलोमीटरचा मार्गही गायकवाडांच्याच पुढाकाराचा, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. गणदेवी, चिखली, उनाई करत डांगच्या सागवानी जंगलाच्या दारापर्यंत तो पोहोचतो. लाकूड खाली आणणे हा त्याचा मूळ उद्योग. १९६० मध्ये भाषावार राज्ये झाली तेव्हा डांग कोणाकडे जावा, यावर मराठी आणि गुजराती पुढाऱ्यांत झालेला वाद जुन्या वाचकांना ठाऊक आहे. जिल्हा गुजरातेत गेला. वघईहून सापुताऱ्याकडे निघालेला रस्ता मात्र नाशिककडेच उतरतो. बडोदा संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही सारी रेल्वेही मोठ्या कंपनीत मिसळली. १९५१ मध्ये तिचे नाव पश्चिम रेल्वे झाले.

गायकवाडांच्या रेल्वेचे एक खरे इंजिन आजही कोणालाही पाहता येते, आणि तेही मुंबईत. चर्चगेट स्थानकासमोर, पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयाच्या आवारात एक छोटे लाल इंजिन उभे आहे. ‘लिटल रेड हॉर्स’, म्हणजे छोटा लाल घोडा, असे त्याचे नाव. इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथील बॅगनॉल कंपनीने बनवलेले हे इंजिन १९२८ पासून गायकवाडांच्या रुळांवर धावत होते आणि सहा दशकांच्या सेवेनंतर १९९० मध्ये निवृत्त झाले. रोज लाखो माणसे त्याच्या समोरून लोकल पकडायला धावतात. म्हणजे स्थिती अशी आहे: गायकवाडांचे खरे इंजिन चर्चगेटला थंड उभे, आणि गायकवाडांच्या डभोईवरून धावते ते खोटे. यात कोणाचा अपराध शोधण्याचे कारण नाही, पण ‘वारसा’ या शब्दाचा हिशेब मांडताना ही जमाखर्चाची नोंद टाळता येत नाही.

खरे वाफेचे इंजिन आता चालवणे अशक्यच आहे, असा यावर एक ठरलेला युक्तिवाद केला जातो. तो पुराव्याला टिकत नाही. १८५५ मध्ये लीड्स येथे घडवलेली ‘फेअरी क्वीन’ १९०९ मध्ये निवृत्त झाली होती. १९९७ मध्ये तिला पुन्हा रुळांवर आणून दिल्ली ते अलवर पर्यटकांची गाडी तिच्याकडून ओढवून घेण्यात आली. जगातील नियमित धावणारे सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून तिची नोंद झाली. तिच्याच काळातले, शतकाहून अधिक काळ नुसते मांडून ठेवलेले दुसरे एक इंजिन चेन्नईजवळच्या पेरांबूर कारखान्याने २०१० मध्ये जिवंत केले आणि स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन अशा प्रसंगी ते चेन्नईच्या मार्गावर धावले आहे. हरयाणातील रेवाडी येथे वाफेच्या इंजिनांची शेड राखून ठेवली आहे. तेथील ‘अकबर’ नावाचे इंजिन हिंदी चित्रपटांतून अनेकांनी ओळखीविना पाहिलेले असते. आणि निलगिरीच्या डोंगरी रेल्वेवर मेट्टुपालयम ते कुन्नूर हा दातेरी रुळांचा चढ आजही वाफच चढते. त्यासाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने गेल्या पंधरा वर्षांत नवी वाफेची इंजिने बांधली. नुसती दुरुस्ती नव्हे, संपूर्ण नवी बांधणी. बॉयलर घडवणारे हात देशात आहेत, पण फार थोडे आणि फार थोड्या ठिकाणी. पश्चिम भारतात ते जवळजवळ उरलेले नाहीत. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीनेही वाफेला निरोप देऊन चार दशके होऊन गेली.

वर्धापनदिनाच्या निमित्ताने वाफेची गाडी गावोगाव फिरवण्याची प्रथा परदेशांत बरीच रुजली आहे. तिच्यात एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. अमेरिकेत दोन महासागरांना जोडणाऱ्या लोहमार्गाला २०१९ मध्ये दीडशे वर्षे झाली. त्यासाठी युनियन पॅसिफिक कंपनीने १९४१ सालचे, पाचशे टनांहून अधिक वजनाचे ‘बिग बॉय’ जातीचे इंजिन संग्रहालयातून परत आणून काही वर्षे खपून चालते केले आणि ते आपल्या मार्गांवरील लहानमोठ्या गावांतून फिरवले. २०२४ मध्ये कॅनडातील एका कंपनीने अमेरिकी कंपनीशी झालेल्या विलीनीकरणाच्या पहिल्या वर्षपूर्तीनिमित्त १९३० सालचे वाफेचे इंजिन कॅलगरीहून थेट मेक्सिको सिटीपर्यंत नेले. ब्रिटनमध्ये २०२५ हे स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेच्या द्विशताब्दीचे वर्ष होते. सप्टेंबरात मूळ इंजिनाच्या प्रतिकृतीने जुन्या मार्गाच्या काही भागावर पुन्हा फेरी केली, तर एक प्रदर्शनगाडी देशभरातील स्थानकांवर थांबत हिंडली.

या दौऱ्यांत लहान गावांना महत्त्व येते त्याचे कारण अर्धे भावनेचे, अर्धे यंत्राचे आहे. वाफेच्या इंजिनाला थांबावेच लागते. दर काही मैलांवर पाणी हवे, सांध्यांना तेल हवे, राख झटकायला हवी. त्या थांब्याला गावातली शाळा फलाटावर येते, निवृत्त फायरमन येतो, इंजिनावर हात ठेवून गरम लोखंडाचा अंदाज घेतो. जुन्या मार्गांवरील कित्येक गावे मुळात इंजिनाच्या तहानेमुळे वसली आणि वाढली. डिझेल आले, विजेने वेग दिला आणि गाड्या त्यांना ओलांडून जाऊ लागल्या. वाफेची गाडी परत आली की ती नाइलाजाने पुन्हा त्यांच्याकडे थांबते. अहमदाबाद-एकतानगर गाडी सुरू झाली तेव्हा तिच्या वेळापत्रकात मधल्या गावांचे थांबे नव्हते. विजेला तहान लागत नाही. डभोईच्या फलाटावरून १८६२ चा वारसा थेट पुढे निघून गेला.

गर्दीचा धोकाही येथेच सांगितला पाहिजे, कारण तो गुलाबी वर्णनांत गळून पडतो. मेक्सिकोत २०२४ च्या त्या दौऱ्यात रुळांच्या अगदी जवळ जाऊन छायाचित्र घेणाऱ्या एका स्त्रीला इंजिनाची धडक बसून तिचा मृत्यू झाला. आपल्याकडे रुळांवर उभे राहून सेल्फी काढणाऱ्यांची संख्या पाहता असा दौरा काढायचा तर बंदोबस्त हा त्यातला पहिला खर्च ठरेल, इंजिनाचा कोळसा दुसरा.

आता पुन्हा गायकवाडांच्या रुळांकडे. २०१८ मध्ये रेल्वेने गुजरातमधील पाच नॅरोगेज मार्ग वारसा म्हणून राखण्याचे ठरवले. डभोई-मियागाम ३३ किलोमीटर, मियागाम-मालसर ३८, चोरंदा-मोटी कोरल १९, प्रतापनगर-जंबुसर ५१ आणि बिलिमोरा-वघई ६३. एकूण २०४ किलोमीटर. या मार्गांचे रुंदीकरण करायचे नाही, ते आहेत तसे ठेवायचे, असा निर्णय होता. दोन-अडीच वर्षांनी, २०२० च्या डिसेंबरात, तोट्यातील अकरा शाखामार्ग कायमचे बंद करण्याचा आदेश निघाला. त्या यादीत बिलिमोरा-वघई होता, मियागाम-मालसर होता, चोरंदा-मोटी कोरलही होता. वारसा म्हणून राखायचे आणि तोटा म्हणून बंद करायचे, असे दोन्ही शेरे एकाच रुळावर पडले. डांग आणि नवसारीतून विरोध झाला, निवेदने गेली. वघईची गाडी सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. जोडीला मोठ्या खिडक्यांचा एक वातानुकूलित डबा लावण्यात आला, पर्यटकांसाठी.

या प्रसंगात रेल्वेची बाजू पूर्णपणे निराधार नाही. ६३ किलोमीटरला तीन तासांहून अधिक वेळ घेणारी, मोजक्या रुपयांचे तिकीट असलेली गाडी कोणत्याही ताळेबंदात तोटाच दाखवणार. पण त्या गाडीत बसणारा माणूस पर्यटक नव्हता. बाजाराला निघालेला, दवाखान्याला निघालेला, बिलिमोऱ्याला मोठी गाडी पकडून सुरतेच्या कारखान्यांकडे मजुरीला जाणारा आदिवासी तिचा खरा प्रवासी. त्याच्यासाठी ती वारसा नव्हतीच. ती सर्वांत स्वस्त वाट होती. विरोधाला धार आली ती त्यामुळे. गाडी वाचली ती ‘वारसा’ या शब्दाने की या माणसांच्या निवेदनांनी, याचा निवाडा करणे अवघड नाही. दार्जिलिंग, निलगिरी आणि काल्का-सिमला या डोंगरी रेल्वे जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्या वेळी तेथील गाड्या चालू होत्या, हेही ध्यानात घेण्यासारखे. बंद पडलेल्या रुळांवरून पुतळे उभे राहतात. रेल्वे राहत नाही.

एका अर्थी बिलिमोरा-वघई मार्गावर मुख्य मार्गाच्या अडचणी नाहीत. डोक्यावर विजेची तार नाही, तेथे डिझेल इंजिन चालते. गाड्यांची गर्दी नाही. दिवसभरात पाण्यासाठी कोणी अर्धा तास थांबले तर राजधानी खोळंबत नाही. वेग कमी आहे, तो वाफेच्या जुन्या इंजिनाला झेपेल इतकाच. थांबे भरपूर आहेत आणि प्रत्येक थांब्याला गाव आहे. रूळ अडीच फुटी आहेत, चर्चगेटच्या लाल घोड्याच्या चाकांइतक्याच अंतराचे. पस्तीस वर्षे उघड्यावर थंड पडलेला बॉयलर पुन्हा दाबाला उभा राहील असे कोणी शहाणा अभियंता आधी सांगणार नाही. तपासणीत तो बाद झाला तर नवा बांधावा लागेल आणि ते काम सध्या तरी तिरुचिरापल्लीकडे पाहूनच करता येईल. खर्च मोठा असेल. तो करायचा की नाही, हा निर्णय एका दिवसाच्या सोहळ्यापुरता घ्यायचा नसतो. त्यासोबत दोन-चार तरुणांना फायरमनचे काम शिकवावे लागेल, आणि ते शिकवू शकणारी माणसे आता सत्तरीत आहेत. १९९० मध्ये डभोईच्या शेडमध्ये पंचविशीत असलेला फायरमन आज साठीपार गेला आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या प्रवासी गाडीला तीन इंजिने होती, साहिब, सिंध आणि सुलतान. १४ डबे होते, ४०० निमंत्रित होते, एकवीस तोफांची सलामी होती. तिला १६ एप्रिल २०२८ रोजी १७५ वर्षे पूर्ण होतील. सोहळा होईल यात शंका नाही. त्या दिवसासाठी आतापासून एखादे बॉयलर दुरुस्तीला घेतले तर ते वेळेत तयार होऊ शकते. २०२७ च्या अखेरीस ठरवले, तर विजेच्या गाडीला आणखी एकदा काळा रंग देणे एवढेच हातात उरेल.